लिफ्टमधला खोकला

12 मार्च 2020, कोरोनाच्या साथीचे दिवस. आज लिफ्टमध्ये एक मावशी खोकल्या. एकदाच, तेही पदर तोंडाशी धरून. आम्ही चौघे एकदम मागे सरकलो. एकाने तर श्वासच रोखून धरला, गाल फुगलेले दिसत होते.

मावशींनी घाईघाईने पर्स उघडली आणि इन्हेलर काढून आम्हाला दाखवला. "दमा आहे हो मला. जुना आहे. तसलं काही नाही."

कुणी काही विचारलंही नव्हतं. तिकीट तपासनीसासमोर पास धरावा तसा त्यांनी तो इन्हेलर धरला होता. हात थरथरत होता.

कालच, 11 मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने ही साथ म्हणजे जागतिक महामारी असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून मीही लिफ्टचं बटण कोपराने दाबतेय. घरी आल्या आल्या साबणाने वीस सेकंद हात धुतेय. साबणाने विषाणूवरचं स्निग्ध आवरण फुटतं, त्यामुळे साधा साबणही पुरतो. हे सगळं करायलाच हवं, त्यात मला शंका नाही. अंतरही ठेवायलाच हवं.

पण दम्याच्या माणसाला या आजाराचा धोका आपल्यापेक्षा जास्त असू शकतो. म्हणजे खरं तर घाबरायला हवं होतं मावशींनी, आमच्यामुळे. आणि खुलासा देत होत्या त्याच.

मी "असू द्या, मावशी" एवढंही म्हणाले नाही. मजला आला तशी उतरले.

तुम्ही असता तर काय म्हणाला असतात?