१९४४ च्या फ्रान्सच्या टेबलासाठी गाड्या निवडताना

फ्रेंच रेझिस्टन्सच्या (जर्मन ताब्याविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंच भूमिगतांच्या) चकमकींचा टेबल, म्हणजे युद्धखेळाचं मैदान, २८ मिमी मिनिएचर्समध्ये (छोट्या मूर्तींमध्ये) मांडायचा म्हटलं तर माणसं मिळतात, घरं मिळतात, रणगाडे तर हवे तेवढे मिळतात. अडतं ते साध्या नागरी मोटारींपाशी. ‘जुनी फ्रेंच गाडी’ म्हणून जे विकायला असतं, त्यातलं बरंचसं युद्धानंतरचं असतं. पत्र्याच्या नागमोडी अंगाची सित्रोएनची एच व्हॅन हे त्याचं ठळक उदाहरण. जून १९४४ च्या गावात ती सर्रास उभी केलेली दिसते, पण ती बाजारात आली १९४७ साली. टू-सीव्ही लोकांपुढे आली ऑक्टोबर १९४८ मध्ये, प्युजो २०३ त्याच वर्षीची आणि रेनॉची ४सीव्ही १९४६ ची. या चारही गाड्या दिसायला गोड असल्या तरी या टेबलावर त्यांना जागा नाही.

मग चालतं काय? सित्रोएनची ट्रॅक्शन आव्हाँ (१९३४), प्युजो ४०२ (१९३५), सिम्का ५ (१९३६), रेनॉ ज्युव्हाकात्र आणि सिम्का ८ (दोन्ही १९३७), प्युजो २०२ (१९३८). ट्रक हवा असेल तर सित्रोएन यू२३, तोही १९३६ चा. ४०२ आणि २०२ ओळखायला सोप्या, कारण त्यांचे हेडलाइट समोरच्या जाळीच्या आत बसवलेले असतात. सिम्का ८ मिळाली नाही तर घाबरू नका. ती म्हणजे फियाटची १९३७ ची ५०८सी, म्हणजे पहिली ‘११००’, लायसन्सवर बनवलेली. तेव्हा त्या फियाटचं मॉडेल बिनधास्त घ्या आणि बिल्ला बदला. मात्र ११०० हा आकडा बघून घरातली प्रीमियर पद्मिनी टेबलावर ठेवू नका. दोघींचं इंजिन १०८९ सीसीचं असलं तरी पद्मिनीच्या बॉडीची मूळ रचना १९५३ च्या फियाटची आहे.

टेबलावर एकच गाडी ठेवायची असेल तर ती ट्रॅक्शनच हवी. जर्मन अधिकारी तिच्यात, पोलीस तिच्यात आणि पळवून आणली की रेझिस्टन्सवालेही तिच्यातच. पण ही गाडी १९३४ पासून १९५७ पर्यंत बनत होती. म्हणून नुसतं ‘ट्रॅक्शन’ एवढं बघून भागत नाही, साल ओळखावं लागतं. आधी मागची बाजू बघा. डिकी फुगीर असेल, वर चाक दिसत नसेल, तर ती जुलै १९५२ नंतरची. त्याच वेळी बंपर सरळ झाले आणि वायपर काचेच्या खालच्या कडेला आले. युद्धकाळासाठी सपाट मागचा भाग, त्यावर स्टेपनी, मधोमध बाक असलेले बंपर आणि काचेच्या वरच्या कडेला लावलेले वायपर हवेत. मग बॉनेटची बाजू बघा. तिथे उघडझाप होणाऱ्या लहान झडपा असतील तर युद्धापूर्वीची, ओळीनं खाचा असतील तर नंतरची. चाकांवर रुंद आरे असतील तर उत्तम, ती ३० च्या दशकाच्या अखेरीची. आरे नसलेली साधी डिस्कची चाकं १९४६ पासूनची.

स्टीअरिंग उजवीकडे असेल तर तो नमुना इंग्लंडमधल्या स्लाव कारखान्यातल्या गाडीचा, तो फ्रान्ससाठी नको. याला एक अपवाद लक्षात ठेवा. बुगाटी, डेलाज यांसारख्या महागड्या फ्रेंच गाड्यांचं स्टीअरिंग फ्रान्समध्येही उजवीकडे असायचं. नंबरप्लेटच्या शेवटी ७५ असा जिल्ह्याचा आकडा असेल तर ती पद्धत १९५० ची. ती प्लेट खरवडून काळी करायची, वर चार आकडे, दोन अक्षरं आणि शेवटी एक आकडा असा पांढरा मजकूर लिहायचा. पॅरिसची गाडी असेल तर पहिलं अक्षर ‘आर’. हेडलाइट पिवळे ठेवा, कारण १९३७ पासून नव्या फ्रेंच गाड्यांना तसा नियमच होता. पारदर्शक पिवळ्या रंगाचा एक थेंब पुरतो.

आता मापाचं. २८ मिमी म्हणजे नक्की कुठला स्केल, हा वाद संपणारा नाही, म्हणून आकडेच मांडू. ट्रॅक्शनच्या लहान प्रकाराची, ११बीएलची, उंची साधारण १.५२ मीटर. म्हणजे १:४३ मध्ये (खऱ्याच्या त्रेचाळिसाव्या भागाएवढ्या मापात) ३५ मिमी, १:४८ मध्ये ३२ आणि १:५६ मध्ये २७. खऱ्या गाडीशेजारी उभ्या माणसाच्या हनुवटीपर्यंत टप येतो. मिनिएचर डोळ्यांपर्यंत २८ मिमी, डोक्यापर्यंत ३० ते ३२ आणि बेसची (पायाखालच्या चकतीची) जाडी २ ते ३ मिमी. शेजारी १:४३ ची ट्रॅक्शन ठेवली तर टप डोक्याच्या वर जातो किंवा बरोबरीला येतो, गाडी अवाढव्य वाटते. १:५६ कागदावर बरोबर असते, पण मिनिएचरचे हात, बंदूक, डोकं सगळं जाडजूड केलेलं असतं आणि वर बेसची उंची. त्यामुळे ती माणसं या गाडीत कधी मावतील असं वाटतच नाही. माझा कौल स्पष्टपणे १:४८ ला. लहान गाड्यांचं गणित वेगळं. सिम्का ५ ची उंची १.३८ मीटर, म्हणजे १:४३ मध्येही ३२ मिमीच. तिथे १:४३ खुशाल घ्या. २० मिमीवाल्यांनी १:७२ किंवा १:७६ घ्यावं, तिथे एवढी डोकेफोड नाही.

खोक्यावरच्या स्केलवर विश्वास ठेवू नका. स्वस्त खेळण्यांमध्ये गाडी खोक्याच्या मापाची केलेली असते. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर मिमीमध्ये मागा. ११बीएलसाठी ते १:४८ मध्ये ६१ आणि १:४३ मध्ये ६८ यायला हवं. तळाचा फोटोही मागा, कंपनी आणि साल बहुधा तिथेच कोरलेलं असतं.

१:४८ मध्ये टामियाचं ट्रॅक्शन स्टाफ कारचं (लष्करी अधिकाऱ्यांच्या गाडीचं) किट आहे, तेच सर्वांत आधी शोधा. १:४३ मध्ये ब्रुमची फियाट टोपोलिनो घ्या, सिम्का ५ म्हणजे तीच गाडी. सोलिडोच्या ‘आज द’ओर’ मालिकेतली ट्रॅक्शन जुन्या बाजारात स्वस्तात मिळते, पण ती सहा सिलिंडरची १५सीव्ही आहे. खरी गाडीच जास्त लांब-रुंद, त्यात स्केल १:४३, म्हणून ती टेबलावर फारच दांडगी दिसते. चौकात एका जागी उभी करायला ठीक. चोरबाजारात किंवा कुठेही युद्धापूर्वीची डिंकी कंपनीची खेळण्यातली गाडी दिसली तर रंगाखालच्या भेगा तपासा. त्या काळच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलेलं राहिलं की धातू आतून ठिसूळ होऊन फुगतो आणि त्याचे तुकडे पडतात. यावर इलाज नाही.

डाय-कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूची, गाडी रंगवायची तर आधी उघडा. तळाला स्क्रू नसेल तर रिव्हेट असतो. २.५ मिमीच्या ड्रिलनं मध्य पाडायचा, मग ४ मिमीनं फक्त रिव्हेटची टोपी उडेपर्यंत जायचं. खोल गेलात तर परत जोडायला खांबच उरत नाही. काचा, सीट, टायर काढून ठेवा आणि मगच रंग काढायचा रिमूव्हर लावा, नाहीतर प्लॅस्टिक विरघळेल. रिमूव्हर काचेच्या बरणीत, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. धुऊन पूर्ण वाळल्यावर मोटारींचा प्रायमर मारा. नुसत्या धातूवर ॲक्रिलिक टिकत नाही, दोन खेळांत कडा उघड्या पडतात. काचा परत बसवताना फेव्हिक्विक नको, त्याच्या वाफेनं काच पांढुरकी होते. फेव्हिकॉलचे चार बारीक थेंब लावून रात्रभर ठेवा. मॅट वार्निशचा स्प्रे पावसाळ्यात मारू नका. हवेतला दमटपणा त्यात अडकतो आणि काळ्या गाडीवर पांढरी झाक येते. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर वार्निश ब्रशनंच लावावं.

रंग काळाच ठेवा. जर्मन सैन्यानं ताब्यात घेतलेली दाखवायची असेल तर क्रोमसकट सगळं मॅट करडं. दारावर पांढऱ्या रंगात ‘एफएफआय’ (रेझिस्टन्सच्या एकत्रित सेनेची आद्याक्षरं) आणि लॉरेनचा दुहेरी आडव्या दांड्यांचा क्रूस (स्वतंत्र फ्रान्सचं चिन्ह) फार छान दिसतो, पण तो १९४४ च्या उन्हाळ्यातल्या उघड उठावासाठी, उदाहरणार्थ १९ ते २५ ऑगस्टचं पॅरिस. १९४३ च्या गुप्त कारवाईत अशी गाडी कोणी रस्त्यावर काढणार नाही. ब्रशनं, हात थोडा थरथरू देऊन लिहा. छापील डेकल (चिकटचित्र) इथे खोटं वाटतं, कारण ती अक्षरं घाईत रंगवलेली असत.

पेट्रोल नागरिकांना जवळजवळ मिळत नव्हतं, म्हणून लाकूड किंवा कोळशाच्या गॅसवर चालणारी गाडी टेबलावर असायलाच हवी. स्केचपेनची साधारण १० मिमी जाडीची नळी २८ मिमी लांब कापा, वर चपटं झाकण चिकटवा, मागच्या बंपरवर उभी करा आणि १ मिमी तार वाकवून टपावरून बॉनेटपर्यंत न्या. नळीला गंजाचा रंग द्या, तिच्या वरच्या झाकणाला काजळीचा. चार बाय चार फुटांच्या टेबलाला अशी एक, एक ट्रॅक्शन आणि एक बंद पडलेली, चाकं काढून ठोकळ्यांवर ठेवलेली लहान गाडी, एवढ्या तीन पुरतात. बाकी रस्त्यावर सायकली आणि घोडागाड्या ठेवा.