तुम्ही विचारलंत म्हणून: क्लबची सीडी आवाजाला डावी असते का?

"क्लबची सीडी आवाजाला डावी असते का हो?" जुन्या सीड्या जमवणारा म्हणून न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला हे सतत विचारलं जातं. क्लबची म्हणजे टपालाने सीड्या घरपोच पाठवणाऱ्या संगीत क्लबाची, आणि तुलना दुकानातल्या प्रतीशी. नव्वदच्या दशकात इथे शिकायला किंवा नोकरीला आलेल्यांच्या तळघरांत क्लबच्या सीड्यांचे खोके अजून पडून आहेत. आता मुलं ते उघडताहेत आणि कुणीतरी त्यांना सांगतं, "क्लबच्या आहेत, टाकून दे."

टाकू नका. क्लबचा शिक्का बघून आवाजाबद्दल काहीच ठरवता येत नाही.

तेव्हा मोठे क्लब दोन: कोलंबिया हाउस आणि बीएमजी म्युझिक सर्व्हिस. एका सेंटमध्ये आठ-दहा सीड्या किंवा एकीच्या किमतीत आठ, अशा त्यांच्या जाहिराती मासिकांत यायच्या. सभासद झालं की पुढे काही सीड्या पूर्ण किमतीला घ्याव्या लागत, आणि 'या महिन्याची नको' असं कळवायचं कार्ड वेळेत परत पाठवलं नाही तर त्या महिन्याची सीडी बिलासकट दारात येई. हे क्लब मूळ कंपनीकडून परवाना घेऊन स्वतःसाठी वेगळी आवृत्ती काढत. मागे बारकोडच्या जागी 'डी'ने सुरू होणारा क्रमांक आणि बारीक अक्षरांत बीएमजी डायरेक्ट मार्केटिंगचं नाव असेल तर ती बीएमजीची. 'सीआरसी' ही अक्षरं असतील तर कोलंबिया हाउसची. आवृत्ती वेगळी म्हणजे आवाजही वेगळा, असा लोकांचा तर्क.

हा तर्क एलपीच्या काळात अगदी बरोबर होता. कोलंबियाचा क्लब 1955 सालचा, म्हणजे सीडीच्या कितीतरी आधीचा. एलपी काढायची तर मूळ टेपची प्रत करायची आणि त्या प्रतीवरून लॅकरच्या तबकडीवर खाचा कोरायच्या. प्रतीगणिक टेपची खरखर वाढते. कोरणारा तंत्रज्ञ बेस किती ठेवायचा, पातळी किती ठेवायची हे आपल्या अंदाजाने ठरवतो. पुढे साचा झिजत जातो आणि त्यावरून निघालेल्या शेवटच्या तबकड्या पहिल्यांसारख्या वाजत नाहीत. क्लबने वेगळी कोरणी करून घेतली असेल तर फरक ऐकू यायचाच. भरधाव वेगाने भरलेल्या कॅसेटींचंही तेच. त्या काळात ज्यांनी तक्रार केली त्यांचे कान खोटं बोलत नव्हते.

सीडीवर मात्र आकडे असतात. डाव्या-उजव्या प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला 44,100 नमुने (म्हणजे आवाजाची मापं), प्रत्येक नमुना 16 बिटांचा. हे आकडे कारखान्यात जातात, काचेच्या तबकडीवर बारीक खळग्यांच्या रूपात नोंदले जातात, तिच्यावरून निकेलचा साचा होतो आणि साच्यावरून पॉलिकार्बोनेटच्या चकत्या निघतात. या वाटेवर बेस कमी-जास्त करणारा कुणी बसलेला नसतो. एखादा खळगा नीट उमटला नाही तर सीडीवरच लिहिलेल्या जादा माहितीतून प्लेअर ती चूक दुरुस्त करतो. बिघाड त्याच्या आवाक्याबाहेर गेला तर तडतड होते, गाणं अडकतं. झांजा बोथट झाल्या किंवा बेस पातळ झाला, असं त्यातून होत नाही. चकतीची छपाई वाईट असेल तर ती अशी उघड दिसते, म्हणून 'क्लबच्या सीडीत ती ऊब नाही' असं कुणी म्हणालं की कारण मी छपाईत शोधत नाही.

हे घरी तपासता येतं. माझ्याकडे काही अल्बमांच्या क्लबच्या आणि दुकानातल्या अशा दोन्ही प्रती आहेत. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने दोन्ही संगणकावर उतरवायच्या. ते प्रत्येक गाण्याची कमाल पातळी दाखवतं. सगळ्या गाण्यांच्या पातळ्या दशांशापर्यंत जुळल्या तर मास्टरिंग, म्हणजे कारखान्यात जाण्याआधी ध्वनिमुद्रणाचा आवाज पक्का करण्याचं काम, बहुधा एकच. मग नमुन्याला नमुना लावून बघायचा. कारखाना वेगळा असला की सगळं ध्वनिमुद्रण थोड्या नमुन्यांनी पुढे किंवा मागे सरकलेलं असू शकतं. तेवढं सरकवून घेतलं की माझ्या बहुतेक जोड्या तंतोतंत जुळल्या. आतल्या कड्यावरचा मॅट्रिक्स क्रमांक वेगळा असला तरी घाबरू नका, तो फक्त साचा वेगळा असल्याचं सांगतो.

ज्या जुळल्या नाहीत, त्यांच्यात दुकानातली प्रत नंतर नव्याने मास्टर केलेली होती आणि क्लबची जुन्या मास्टरवरची. इथे आवाज खरोखर वेगळा आहे, आणि मला बहुतेकदा क्लबचीच प्रत आवडते. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून गाणी अधिकाधिक मोठ्याने वाजावीत म्हणून हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर दाबून टाकण्याची चढाओढ लागली. त्यात ड्रमचा ठोका चपटा होतो, गायिकेने आवाज खाली आणलेली जागा बाकीच्या वाद्यांच्या बरोबरीला येते. मला याचं वाईट वाटतं, कारण त्या जागांसाठीच तर आपण गाणं पुन्हा लावतो. जुन्या क्लबच्या सीडीत त्या पुष्कळदा शाबूत सापडतात. उलटही घडतं, ऐंशीच्या दशकातलं एखादं घाईने केलेलं मास्टर खरंच रुक्ष असतं आणि नवं त्याच्यापेक्षा बरं.

कानांनी तुलना करणार असाल तर आधी दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणा. किंचित मोठं वाजणारं प्रत्येकाला जास्त चांगलं वाटतं, आणि कुठली सीडी वाजतेय हे दुसऱ्या कुणालातरी ठरवू द्या.

क्लबबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. त्यांच्या विक्रीवर कलाकारांना रॉयल्टी नेहमीच्या दरापेक्षा कमी मिळे, आणि फुकट वाटलेल्या प्रतींवर तर बहुधा काहीच नाही. गाणाऱ्यांच्या पोटावर आलेली ही गोष्ट आवाजाच्या वादात कुणी काढत नाही.

बीएमजी म्युझिक सर्व्हिस 2009 साली बंद झाली. क्लबच्या प्रती जुन्या बाजारात अजून स्वस्त मिळतात, कारण संग्राहक त्यांना नाकं मुरडतात. घेताना पृष्ठभाग उजेडात तिरपा धरून चरे बघा आणि पुस्तिकेची पानं पूर्ण आहेत का तपासा. घरात दोन्ही प्रती असतील तर आधी संगणकावर गाण्यांच्या कमाल पातळ्या जुळतात का बघा. जुळल्या तर हवी ती ठेवा, नाही जुळल्या तर दोन्ही.