ओढताना अडणारे धनुष्य

गेल्या पावसाळ्यात उजव्या खांद्याचे दुखणे बळावले, तेव्हा फिजिओथेरपिस्टने सहा आठवडे धनुष्याला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. त्या सक्तीच्या विश्रांतीत पहिल्यांदाच मनात आले की दोष खांद्याइतकाच धनुष्यातही असू शकेल. माझे कंपाउंड धनुष्य, म्हणजे टोकांना चाके असलेले, सेकंड-हँड घेतलेले, 54 पौंड जोराने ओढावे लागेल असे लावलेले. त्याची ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी मागे ओढण्याची लांबी, 29.5 इंच होती, आणि ती आधीच्या मालकाच्या मापाची होती.

अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यांना 1969 साली ज्या कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले, त्याचे सारे मर्म टोकांवरच्या चाकांत, म्हणजे कॅममध्ये आहे. साध्या धनुष्यात दोरी जितकी मागे ओढावी तितका जोर वाढत जातो. कंपाउंडमध्ये मात्र तो सुरुवातीला झपाट्याने चढतो, काही इंच तसाच टिकतो आणि मग कॅम वळल्यावर एकदम उतरतो. या उताराला लेट-ऑफ म्हणतात. 80 टक्के लेट-ऑफ असेल, तर 54 पौंडांचे धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातात जेमतेम 11 पौंड उरतात. म्हणजे ओढ सुखाची की त्रासाची, हे चढ किती अंगावर येतो, उतार किती अलगद उतरतो आणि शेवटी दोरी जिथे थांबते ती ‘वॉल’ किती घट्ट लागते यावर ठरते. केवळ पौंडांचा आकडा पाहून ते कळत नाही.

मैदानावरचा सर्वांचा सल्ला एकच होता, तो म्हणजे लिम्ब-बोल्ट (धनुष्याची वाकणारी पाती, म्हणजे लिम्ब, आवळून धरणारे बोल्ट) सैल करा. मी तसे केले. दोन्ही बोल्ट दोन-दोन फेरे सोडल्यावर ओढीचे वजन उतरले, परंतु मधल्या टप्प्यात जाणवणारी अडखळ तशीच राहिली आणि बाण खाली लागू लागले. बोल्ट पुन्हा मूळ जागी आवळले आणि आधी मोजमाप करायचे ठरवले.

त्यासाठी सुताराकडून चार फुटी सागवानी फळी करून घेतली. तिच्या एका टोकाला धनुष्याची मूठ अडकवण्यासाठी रबर गुंडाळलेली खुंटी बसवली, दुसऱ्या टोकाला हाताने फिरवायचा छोटा विंच लावला, आणि विंचचा दोर व धनुष्याच्या दोरीवरचा डी-लूप (ओढण्यासाठी बांधलेला छोटा फास) यांच्यामध्ये सामान तोलण्याचा डिजिटल काटा टांगला. विंच फिरवत दर दोन इंचांना काट्यावरचा आकडा चौकटीच्या वहीत उतरवला, आणि मग तितक्याच सावकाश दोरी परत सोडतानाही प्रत्येक जागेचा आकडा टिपला. खरे निदान या दुसऱ्या ओळीने केले. 18 इंचांवर ओढताना काटा 51 पौंड दाखवत होता, तर परत येताना त्याच जागी 43. हा आठ पौंडांचा फरक घर्षणाचा होता. त्यातला साधारण अर्धा जोर लिम्ब वाकवायला खर्च न होता प्रत्येक बाणामागे माझ्या खांद्यातून जात होता.

घर्षण कुठे आहे, हे शोधायला फार वेळ लागला नाही. कॅमवरून जाणाऱ्या केबल बाणाच्या वाटेतून बाजूला धरणाऱ्या दांडीवरची प्लॅस्टिकची स्लाइड काढली, तेव्हा तिच्या भोकात मेण आणि मैदानाची लाल माती यांचा काळपट लेप बसलेला होता आणि एका बाजूला नखाला लागेल इतकी खाच पडली होती. दांडी स्पिरिटने पुसली, स्लाइड नवी बसवली आणि तेलाऐवजी कोरडा सिलिकॉन वापरला, कारण तेलावर माती पुन्हा चिकटते. दोन्ही कॅमचे आस मात्र कोरडे ठणठणीत होते. ते एका जाणकाराच्या बो-प्रेसवर (लिम्ब दाबून दोरीचा ताण काढणाऱ्या यंत्रावर) धनुष्य दाबून काढले, पुसले आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब देऊन परत बसवले. प्रेसशिवाय हे काम कोणीही करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ताणलेले लिम्ब हातातून सुटले, तर डोळा किंवा बोट जाऊ शकते. हे सगळे झाल्यावर त्याच 18 इंचांवर आकडे आले 49 आणि 45.

वॉल मऊ लागण्याचे कारणही फळीवरच दिसले. वरच्या कॅमचा थांबा केबलला टेकला, तेव्हा खालचा अजून सुमारे तीन मिलिमीटर दूर होता. एका केबलला अर्धा-अर्धा पीळ देत आणि प्रत्येक वेळी फळीवर पडताळत दोन्ही थांबे एकाच क्षणी टेकतील असे जुळवले. या कामात एक अख्खी संध्याकाळ गेली, पण तिचे फळ सर्वांत मोठे होते, कारण पूर्ण ओढीवर पाठ आता भिंतीला टेकावी तशी स्थिर राहते.

ड्रॉ लेंथचा हिशेब सोपा निघाला. दोन्ही हात पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधले अंतर इंचांत मोजायचे आणि त्याला अडीचने भागायचे. माझे 71 इंच भरले, म्हणजे माप साधारण 28.4. इतके दिवस मी एका इंचाहून अधिक लांब ओढत होतो आणि धनुष्य धरणारा खांदा दर वेळी कानाकडे चढत होता. दोन्ही कॅमवरची मोड्यूल्स (ड्रॉ लेंथ ठरवणारे छोटे तुकडे) सारख्याच खुणेवर फिरवून 28.5 केले. मग शेवटी वर-खाली एकेक फेरा सोडून वजन 50 पौंडांवर आणले. 50 मीटरच्या फेरीत 72 बाण सोडायचे असतात. त्या हिशेबाने पूर्वी फेरीमागे 3888 पौंड ओढले जात होते, आता 3600. वजन घटल्यामुळे तेच बाण आता अधिक ताठ वागतात, म्हणून कागदातून बाण मारून रेस्ट (बाण टेकतो तो आधार) पुन्हा जुळवावी लागली आणि साइटच्या (नेम धरण्याच्या साधनाच्या) सगळ्या खुणा नव्याने घ्याव्या लागल्या.

5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंडमध्ये जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने 150 पैकी 150 गुण घेऊन पुरुषांचे विजेतेपद मिळवले. तेव्हापासून आमच्या मैदानावर मुलांची गर्दी आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण यातल्या बऱ्याच मुलांच्या हाती मोठ्यांची जुनी धनुष्ये आली आहेत. ती ओढता यावीत म्हणून मुले धनुष्य आभाळाकडे उचलतात, कंबर मागे वाकवतात. त्या अवस्थेत बाण चुकून सुटला, तर तो टार्गेटमागच्या बांधावरूनही पलीकडे जाईल. खांद्याचे जे नुकसान होते ते वेगळेच, आणि ते लगेच दिसतही नाही.

म्हणून ती फळी मी आता रविवारी मैदानावर नेतो. परवा एका तेरा वर्षांच्या मुलीचे धनुष्य लावले. घरच्यांना ते 35 पौंडांचे म्हणून दिले होते, काट्यावर 41 भरले. कंपनीने आखून दिलेल्या मर्यादेत राहून दोन्ही बोल्ट सारखे सोडले, ते 34 वर आले, आणि तिने बाण टार्गेटच्या रेषेतच ठेवून दोरी हनुवटीपर्यंत आणली. तिची स्लाइडही झिजली आहे. नवी मागवली आहे, येत्या रविवारी बसवू.