जुना सर्व्हर घरी आणू का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"भाऊ, दोन प्रोसेसर, एकशे अठ्ठावीस जीबी रॅम, अन् भेटून राह्यला मोबाइलच्या भावात. घेऊन टाकू का?"

प्रश्न नेहमी असाच येतो. सोबत दुकानदाराने पाठवलेला फोटो असतो, मॉडेल नंबर असतो, कोर किती तेही असतं. घरात अर्थिंग आहे का, इन्व्हर्टर कोणता, मशीन ठेवायच्या खोलीत मे महिन्यात पारा कुठे जातो, कापूस कुठे भरता, यातलं काही म्हणजे काही नसतं. मी हे विचारलं की समोरच्याला वाटतं, याला सांगायचंच नाहीये. सांगायचंय, म्हणूनच विचारतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोत नाही, तुमच्या भिंतीवरच्या थ्री-पिन बोर्डात आहे.

डेलचा आर७२० किंवा एचपीचा डीएल३८० जेन८ ही २०१२ च्या सुमाराची मशीनं. खोलीचं तापमान १० ते ३५ अंश, हवा गाळलेली, वीज क्षणभरही न तुटू देणाऱ्या ऑनलाइन यूपीएसमधून आणि अर्थिंग तपासलेलं, हे धरून ती बनवली आहेत. कंपनीतून निवृत्त होऊन ती आपल्याकडे येतात तेव्हा मशीन तेच असतं, पण त्याने गृहीत धरलेली खोली येत नाही. वर्धा, अकोला, चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली दुपारी चाळिशी ओलांडते. मशीन बिघडत नाही, ते फक्त पंखे वाढवतं. आर७२० मध्ये ६० मिलिमीटरचे सहा पंखे आहेत. ते पूर्ण वेगात फिरायला लागले की त्या खोलीत फोनवर बोलता येत नाही. जाडीने अर्ध्या, १यू सर्व्हरचे ४० मिलिमीटरचे पंखे तर घरात अजिबात सहन होत नाहीत. १यू घेऊच नका, यावर माझी चर्चेची तयारी नाही.

गरम होतं म्हणून झाकण काढून ठेवणारे बरेच भेटतात. तसं करू नका. आतलं काळं प्लास्टिकचं आवरण आणि वरचं झाकण मिळून हवेचा बोगदा तयार होतो. झाकण निघालं की पंख्यांची हवा वरून निसटते आणि प्रोसेसर आणखी तापतात.

डेलच्या आयड्रॅक ७ आणि ८ वर (आयड्रॅक म्हणजे मशीनवर लक्ष ठेवणारी अंगची चिप) पंखे हाताने कमी करता येतात. आयड्रॅकच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'आयपीएमआय ओव्हर लॅन' चालू करायचं आणि आयपीएमआयटूल या प्रोग्रामने रॉ कमांड द्यायची: ३०, ३०, ०१, ०० ने ताबा आपल्याकडे येतो, मग ३०, ३०, ०२, एफएफ, १४ ने सगळे पंखे २० टक्क्यांवर बसतात. सगळे आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरचे आहेत, म्हणून १४ म्हणजे वीस. ३०, ३०, ०१, ०१ दिलं की कारभार परत मशीनकडे. हिवाळ्यात हे ठीक आहे. पण एकदा ताबा घेतला की तापमान चढलं तरी मशीन स्वतःहून पंखे वाढवत नाही, आणि आपल्याकडे सकाळच्या २८ अंशांचे दुपारी ४४ होतात. एप्रिल ते जून ही कमांड वापरायचीच असेल तर दर मिनिटाला तापमान वाचून ताबा परत देणारी स्क्रिप्ट आधी लिहा. आयड्रॅक ९ च्या नव्या फर्मवेअरने ही सोय काढूनच टाकली आहे.

बाकीचं पटकन सांगतो. आवाजाचं पोर्ट नसतं, यूएसबी साउंड लावा. अंगचं ग्राफिक्स मॅट्रॉक्सचं, व्हीजीएपुरतं, त्यावर यूट्यूबही नीट चालणार नाही. ग्राफिक्स कार्ड लावायचं तर आधी रायझर (कार्ड आडवं बसवायची पट्टी) बघा: काही स्लॉट २५ वॅटचेच असतात, काही दुसरा प्रोसेसर बसवलेला असेल तरच जिवंत असतात. कार्डाला वेगळी पॉवर लागत असेल तर त्याच मॉडेलची केबल घ्या. रायझरवरचं आठ पिनांचं सॉकेट साध्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएससारखं दिसतं, पण पिनांची मांडणी वेगळी असते आणि चुकीच्या केबलने १२ व्होल्ट थेट ग्राउंडला जाऊ शकतात. सर्व्हरची आरडीआयएमएम रॅम साध्या डेस्कटॉपच्या बोर्डावर चालत नाही, म्हणजे उद्या मशीन गेलं तर रॅमही गेली. सोबत येणाऱ्या सास (सर्व्हरच्या जातीच्या) डिस्कवर भरवसा ठेवू नका, साटा एसएसडी टाका, कॅडी (डिस्क बसवायच्या चौकटी) मोजून घ्या. विंडोज ११ च्या यादीत हे प्रोसेसर नाहीत आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून लिनक्स मिंट किंवा डेबियन. स्लीप बहुतेक मशीनवर चालत नाही, आणि बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत काही मिनिटं जातात.

ही काही मिनिटं महत्त्वाची आहेत, कारण वीज जाते.

आपल्याकडच्या घरांत बहुतेक जुने इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचे, म्हणजे चौकोनी लाटेची वीज देणारे. सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (विजेची ओढ सुरळीत करणारं सर्किट) असतं, त्याला लाइनसारखी गोलसर साइन वेव्ह लागते. स्क्वेअर वेव्हवर तो गुणगुणतो, तापतो, किंवा सरळ बंद पडतो. प्युअर साइन वेव्ह घेतला तरी मागचं बटण 'यूपीएस' मोडवर हवं. त्यात बदल साधारण १० मिलिसेकंदात होतो, साध्या मोडमध्ये त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि लोड असताना सर्व्हरचा सप्लाय दहा-बारा मिलिसेकंदच तग धरतो. इथे हमखास उत्तर येतं, "पण याच्यात दोन सप्लाय आहेत ना! एक लाइनवर, एक इन्व्हर्टरवर." हे ऐकून ऐकून मी थकलो आहे. घरगुती इन्व्हर्टर ऑफलाइन असतो. लाइन असते तेव्हा तो तीच लाइन पुढे देतो. लाइन गेली की दोन्ही सप्लाय त्याच क्षणी अंधारात जातात. दोन सप्लायचा खरा उपयोग एक बाजू ऑनलाइन यूपीएसवर असेल तरच होतो.

बॅटरीचा हिशोबही करून टाका. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. अर्धीच वापरायची, त्यात इन्व्हर्टरचं नुकसान, हातात साडेसातशेच्या आसपास उरतात. दीडशे वॅट खाणारा सर्व्हर त्यावर पाच तास चालेल, पण पंखा आणि दिवे बंद ठेवून. लाइनवर १२० वॅटने चोवीस तास चालवला तर महिन्याला ८६ युनिट. महावितरणचा पहिला टप्पा शंभर युनिटांचा आहे. तुमचं आजचं बिल त्या टप्प्यात बसत असेल तर मशीन आल्यावर बहुधा बसणार नाही, आणि पुढच्या टप्प्याचा दर बराच चढा आहे.

आता अर्थिंग. यावर लोक सगळ्यात कमी ऐकतात, म्हणून हे सविस्तर.

हिंगणघाटच्या बाजूचं एक गाव. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका पोराच्या घरी डेलचा टी६२० टॉवर (उभ्या डब्याचा सर्व्हर), दोन्ही सप्लाय लावलेले, ग्राफिक्स कार्डातून एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला. वीज व्यवस्थित, मशीन व्यवस्थित. मे महिन्यात एके दिवशी एचडीएमआय काढून परत लावताना टोकाला ठिणगी उडाली आणि कार्डाचं आणि टीव्हीचं, दोन्ही पोर्ट गेले. त्याआधी आठवडाभर त्याची आई म्हणत होती की त्या डब्याला हात लागला की मुंग्या येतात. कूलरच्या पाण्याने फरशी ओली, पाय अनवाणी. तिचं कोणी मनावर घेतलं नाही.

मल्टिमीटर लावला. फेज ते न्यूट्रल २२६ व्होल्ट. फेज ते अर्थ ११२. न्यूट्रल ते अर्थ ११४. ही बेरीज बघा. अर्थ बरोबर मधोमध बसलं आहे. सप्लायच्या आत फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन छोटे कपॅसिटर डब्याला जोडलेले असतात, विजेतला गोंगाट जमिनीत उतरवायला. अर्थची तार खरंच जमिनीत जात असेल तर ती गळती निमूट निघून जाते. तार अधांतरी असेल तर डबा अर्ध्या व्होल्टेजवर तरंगतो. प्रमाणित सप्लायमधून जाणारी गळती फार नसते, साधारण ३.५ मिलिअँपिअर ही मर्यादा, पण सप्लाय दोन असले की दोन्हींची बेरीज होते. हाताला मुंग्या येतात त्या याच्या. आणि टीव्हीची बाजू डिशच्या तारेतून गच्चीवरच्या लोखंडाला टेकलेली असली की एचडीएमआयचं टोक लावताना सगळा फरक त्या बारीक पिनांतून जातो.

बोर्ड उघडला, हिरवी तार जागेवर होती. मीटरपेटीपाशीही होती. अंगणात गेलो तर पाइपही होता. पण काळी माती. पावसाळ्यात तिच्याइतकी चांगली अर्थिंगची जमीन नाही, ओल धरते, वीज सहज जाते. उन्हाळ्यात तीच माती आकसते, भेगा पडतात. त्या पाइपाभोवती चारही बाजूंनी बोट जाईल एवढी फट पडली होती. वर क्लॅम्पचा नट गंजून भुगा झालेला. सप्टेंबरमध्ये कोणी मोजलं असतं तर हेच अर्थिंग बहुधा ठीक निघालं असतं. क्लॅम्प गंजत गेला, माती सुटत गेली आणि मे आला.

वायरमनने उपाय सुचवला तो गावोगावी चालतो: बोर्डातच अर्थच्या पिनेला न्यूट्रलची तार मारून द्यायची. मीटरवर आकडा लगेच सुंदर येतो. हे करू देऊ नका. डीपीपासून घरापर्यंत न्यूट्रल कुठेही तुटला की सर्व्हरचा लोखंडी डबा, फ्रिज, कूलरची पत्र्याची बॉडी, सगळ्यांवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. मुंग्यांवर भागत नाही, माणूस जातो.

केलं ते असं. नहाणीचं पाणी जातं त्या बाजूला नवा खड्डा, त्यात अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं आणि झाकणाचा चौकोन. क्लॅम्पला गंज धरू नये म्हणून ग्रीस. उन्हाळ्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी. मीटरपेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती दिसताच वीज तोडणारा स्विच). डीपीकडचा न्यूट्रल तुटला तर घर दोन फेजमध्ये अडकून व्होल्टेज चारशेकडे जातं, म्हणून जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं यंत्र, वरची मर्यादा २६५. आणि एक सप्लाय काढून बाजूला ठेवला. गळती अर्धी झाली, थोडी वीजही वाचली. आयड्रॅकमध्ये रिडंडन्सी (दोन्ही सप्लाय हवेतच ही अट) बंद केली की पिवळा दिवा लागत नाही. नंतर न्यूट्रल ते अर्थ तीन व्होल्टच्या आत आले. हा सगळा खर्च मशीनच्या किमतीत धरा. न धरता "स्वस्त पडला" म्हणू नका.

कापसाचं राहिलं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ज्या घरात कापूस भरतात तिथे त्याच किंवा शेजारच्या खोलीत सर्व्हर नको. तंतू हीटसिंकच्या पात्यांत समोरून नमद्यासारखे बसतात. पुढच्या जाळीवर पातळ फोम लावा, पंधरा दिवसांनी ब्लोअर मारा. मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, हवेने भरधाव फिरला तर बेअरिंग जातं.

मग घ्यावा का? पूर्वी मी सरळ म्हणायचो, टॉवर सर्व्हर घ्या, रॅक (कपाटात आडवा सरकणारा) नको. आवाजापुरतं ते आजही खरं आहे. पण आता कोणी विचारलं तर मी त्याआधी तिसरीच गोष्ट सांगतो: वर्कस्टेशन, म्हणजे जड कामासाठीचा टेबलावरचा कॉम्प्युटर. डेल प्रिसिजन टी५८१० किंवा एचपी झेड४४०. सर्व्हरच्याच झिऑन ई५ कुळातले पुढचे व्ही३-व्ही४ प्रोसेसर, रॅमही आरडीआयएमएमच पण डीडीआर४, आठ स्लॉट, शिवाय साउंड आहे, ग्राफिक्स कार्डाची सरळ केबल आहे, स्लीप आहे, आणि रात्री घरचे झोपू शकतात. पोरांचा अभ्यास, ऑनलाइन अर्ज, सातबारा यासाठी तर तेही नको. आठव्या पिढीचा आय५ असलेला जुना ऑफिसचा डेस्कटॉप घ्या. आय५-८५०० चा एक कोर ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, चौदा कोरचा ई५-२६८० व्ही४ ३.३ वर थांबतो, आणि ब्राउझरला चौदा कोरांचं काही करता येत नाही.

ड्रोनचे फोटो जोडून शेताचे नकाशे करणारा, तासन् तास व्हिडिओ रेंडर करणारा, एकाच वेळी पाच-सहा व्हर्च्युअल मशीन (एकाच डब्यात वेगवेगळे कॉम्प्युटर) चालवून शिकणारा, यांना १२८ जीबी रॅम इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही. त्यांना मी नको म्हणू शकत नाही, आणि म्हणत नाही.

एका बाबतीत माझंच माझ्याशी पटत नाही. तालुक्याच्या अभ्यासिकांमधून विचारणा होते: एक सर्व्हर, त्यावर दहा जुने थिन क्लायंट (पडदा-कीबोर्ड जोडायपुरते छोटे डबे), सगळी पोरं एकाच मशीनवर. विजेचा हिशोब केला तर हेच बरोबर दिसतं. दहा डेस्कटॉपपेक्षा वीज कमी, देखभाल एका जागी, रॅम भरपूर. दुसऱ्या बाजूला, ऑनलाइन परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या संध्याकाळी एक सप्लाय बसला तर दहाही पडदे काळे होतात, आणि तोच सप्लाय नागपुरात मिळाला नाही तर दिल्लीहून यायची वाट बघायची. सुटा सप्लाय आधीच घेऊन ठेवा, असं मी सांगतो. दोन डेस्कटॉप वेगळे ठेवा, असंही सांगतो. मग अभ्यासिकेचे लोक विचारतात की वेगळे ठेवायचेच तर सर्व्हर कशाला, आणि त्यावर माझ्याकडे अजून धड उत्तर नाही.