पेटी येण्याआधीची रात्र

पूर्वीच्या युद्धांत गावाला बहुतेक वेळा तारच मिळायची आणि मागाहून जवानाची ट्रंक. १९९९ साली कारगिलच्या वेळी पार्थिवच घरी येऊ लागलं आणि महसूल खात्याच्या अंगावर नवं काम पडलं. जुलैमध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका गावची तयारी तहसीलकडून माझ्याकडे आली. पेटी सकाळी येणार, एवढाच निरोप होता.

स्मशानभूमी ओढ्याकाठी, वाटेत गुडघाभर चिखल. म्हणून शाळेमागचं गायरान धरलं, मुरूम टाकून दोन फुटी चौथरा केला. लाकूड तीनशे किलोच्या वर घेतलं. वखारीतला वरचा थर भिजलेला होता, तेव्हा आतला काढून ताडपत्रीखाली ठेवला. ओलं लाकूड नुसतं धुमसतं आणि घरच्यांना ते बघवत नाही.

सलामीच्या फैरींची काडतुसं बिनगोळीची असली तरी बंदुकीच्या तोंडापाशी भाजतं, म्हणून बांबूचा कठडा चांगला लांब बांधला. लोकांना वाटतं घोडा ओढला की झालं. पण या काडतुसाचा दाब कमी असतो, त्यामुळे रायफल आपोआप भरली जात नाही. प्रत्येक फैरीनंतर ती हाताने कॉक करावी लागते. एखादा जवान मागे राहिला की एकसंध आवाजाऐवजी तडतड ऐकू येते. रिकाम्या पुंगळ्या मोजून परत न्यायच्या असतात आणि पोरं तर आठवण म्हणून त्या पळवतात. कोतवालाला त्याच कामावर उभं केलं.

तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याकडे हवा. पेटी लांबट दिसली की झेंडाही लांबीला पसरायचा मोह होतो. मग केशरी एका कडेला जातो. वरून कुणी पक्षाच्या रंगाची शाल टाकायला पुढे येतोच, त्याला थेट नाही म्हणायचं. अग्नी देण्याआधी झेंडा काढून घ्यायचा, चितेवर जाऊ द्यायचा नाही.

खरा पेच झेंडा कुणाच्या हाती द्यायचा, हा होता. लष्कराच्या नोंदीत वारस पत्नी; भावकीचं म्हणणं, मान आईचा. अभिमान असा ऐन वेळी हक्काच्या भांडणात शिरतो. सुभेदारसाहेब रात्रीच घरी जाऊन बसले. झेंडा सूनबाईंना, टोपी आणि पट्टा आईंना, असं दोघींच्या तोंडून ठरवून घेतलं. हे चौथऱ्यावर निघालं असतं तर सगळ्यांसमोर वाद झाला असता.

पुढाऱ्यांच्या पुष्पचक्रांचा क्रम यादीवर लावला. घरच्यांसाठी खुर्च्या न ठेवता सतरंजी अंथरली, कारण खुर्ची दिसली की पाहुणे बसतात. ‘अमर रहे’च्या घोषणा मिरवणुकीत हव्या तेवढ्या होऊ दिल्या. ‘शोक शस्त्र’चा, म्हणजे जवानांनी रायफली उलट्या धरून मान झुकवण्याचा हुकूम झाल्यावर मात्र माईक नको होता. गर्दीला शांत राहा म्हणण्यात अर्थ नसतो, म्हणून मंडपवाल्याला जनरेटरच बंद करायला सांगितलं. बिगुल नुसत्या हवेत शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला.

राख सावडायच्या दिवशी तलाठ्याला पुन्हा घरी पाठवलं: मृत्यूची नोंद, लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला. पत्नीच्या नावावर बँकेत खातंच नव्हतं आणि पेन्शन त्यावाचून सुरू होत नाही. कागदांवर तिचं माहेरचं आणि सासरचं अशी दोन नावं होती; आधी त्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं.