शेजारचा दिवा आणि माझी भिंत

समोरच्या घराच्या छपराखाली फ्लडलाइट बसवला गेला त्या रात्री माझ्या शयनगृहाच्या भिंतीवर खिडकीच्या गजांची सावली उमटली, आणि ती इतकी रेखीव होती की अंथरुणात पडल्या पडल्या मला गज मोजता आले. दिवा त्यांच्या अंगणासाठी असला तरी त्याचे तोंड जवळपास आडवे होते, त्यामुळे त्याचा बराचसा उजेड कुंपण ओलांडून माझ्याकडे आणि उरलेला आकाशाकडे जात होता.

सुरक्षिततेसाठी दिवा लावला, हे शेजाऱ्यांचे म्हणणे मला पटते. परंतु एके रात्री त्यांच्या फाटकाशी उभे राहून मी तळहाताने तो दिवा डोळ्यांआड केला, तेव्हा दिव्याच्या शेजारीच, जिन्याच्या कडेला टेकवलेली सायकल मला प्रथमच दिसली. झगझगीत दिवा थेट नजरेत आला की बुबुळातील बाहुली आकसते आणि त्याच्या आसपासची सावली अधिकच काळी भासते. ज्याला लपायचे आहे, त्याची ही उत्तम सोय.

असे दिवे नियमांत बसतात कसे, याचे एक उत्तर मोजमापात आहे. बाहेरच्या दिव्यांचे जुने नियम पुष्कळदा वॅटची मर्यादा घालतात, आणि वॅट म्हणजे खर्च होणारी वीज, मिळणारा उजेड नव्हे. साठ वॅटचा तारेचा बल्ब सुमारे ८०० ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचे माप) उजेड देत असे. एलईडीला तेवढ्यासाठी आठ-नऊ वॅट पुरतात. म्हणजे त्या काळी बेतशीर वाटलेल्या मर्यादेत आज छोटे मैदान उजळावे इतका प्रकाश आरामात मावतो. मर्यादा ल्युमेनमध्येच लिहिली पाहिजे, आणि तिच्या जोडीला दिव्याची दिशा, वरचे आवरण व चालू ठेवण्याची वेळही ठरवली पाहिजे. यांत मी आवरणाला सर्वांत वर ठेवीन, कारण ते पाळले आहे की नाही, हे कोणत्याही उपकरणाशिवाय रस्त्यावरून दिसते.

रंगाचा प्रश्नही आहेच. निळसर पांढरा उजेड हवेत अधिक विखुरतो आणि झोपेसाठी आवश्यक असलेल्या मेलाटोनिनला अधिक दाबतो, म्हणून अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेने २०१६ मध्ये पथदिव्यांच्या उजेडाचा रंग ३००० केल्विन किंवा त्याहून कमी, म्हणजे पिवळसर, ठेवण्याची शिफारस केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, रात्रीच्या कृत्रिम उजेडाच्या जागतिक नकाशानुसार, मानवजातीच्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही.

नियमांची कल्पना काही आजची नाही. अॅरिझोनातील फ्लॅगस्टाफ शहराने १९५८ मध्येच जाहिरातीच्या शोधझोतांवर बंदी घातली. जवळच वेधशाळा होती, त्यामुळे तेथे अंधाराची बाजू मांडणारे कोणी तरी होते. उपनगरात ती बाजू बहुधा झोपमोड झालेल्या एखाद्या रहिवाशालाच मांडावी लागते, आणि तो तक्रारखोर ठरतो. (मीही अर्ज लिहून फाडला आहे.)

शेवटी मी पाना घेऊन शेजाऱ्यांकडे गेलो. दोन नट सैल करून आम्ही दिवा खाली वळवला, तेव्हा अंगण आधीपेक्षा अधिक उजळलेले पाहून त्यांनाच नवल वाटले. कंसाचा एक स्क्रू मात्र गंजलेला असल्याने दिवा पुरता वळला नाही, त्यामुळे डावीकडच्या दोन गजांची सावली अजून माझ्या भिंतीवर पडते.