बीए, एमएसडब्ल्यू झालेली पोरं आणि वनहक्काच्या फायली

आमच्या चोपडा-यावल बाजूला पोरगं बीए समाजशास्त्राला किंवा एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या एमएला, गेलं की घरचे जरा खालच्या आवाजातच सांगतात. इंजिनीअरिंगला नंबर लागला नाही, डीएडला आता कोणी विचारत नाही, मग कुठेतरी घालायचं म्हणून घातलं. आणि लगेच पुढचं वाक्य, करेल एमपीएससी. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं. माझं तहसीलच्या जवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, या पोरांचं काम रोज माझ्या काउंटरवर येतं, म्हणून मी हे ठामपणे लिहितेय की सातपुड्याच्या पाड्यांना आत्ता सगळ्यात जास्त गरज कोणाची असेल तर ती ह्याच पोरांची.

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी माणूस जी वनजमीन कसतोय ती त्याच्या नावावर व्हायचा हक्क, जास्तीत जास्त ४ हेक्टर. सांगायला दोन ओळी लागतात पण दावा म्हणजे नमुना अ भरायचा, त्याला कमीत कमी दोन पुरावे जोडायचे, वनहक्क समितीने जागेवर जाऊन बघायचं, ग्रामसभेचा ठराव, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. आणि माणूस कोण, तर ज्याच्या घरात पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली, बोलतात, बाजारात अहिराणी, आणि कागद सगळा सरकारी मराठीत. माझ्याकडे म्हातारी माणसं कागद पुढे करून विचारायची, ताई, हाई काय लिखेल शे? मी वाचून दाखवायचे, पण वाचून दाखवलं म्हणजे काम होत नाही ना.

आता गेली काही वर्षं त्यांच्यासोबत ही पोरं येतात. एक मुलगी आहे, पावरा समाजाचीच, एमएसडब्ल्यू झालेली. ती एका आजोबांना घेऊन आली होती, त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली एक पावती, वनखात्याने अतिक्रमण म्हणून दंड केला होता त्याची. आजोबा ती दाखवायलाच घाबरत होते, त्यांना वाटायचं हा आपल्या गुन्ह्याचा कागद. तिने त्यांना पावरीत समजावलं की बाबा हाच तुमचा पुरावा आहे, तुम्ही तेव्हा त्या जमिनीवर होते हे खुद्द सरकारनेच लिहून दिलंय. शाई इतकी उडालेली की मशीन एकदम डार्कवर टाकून कशीबशी तारीख दिसली. तारीख दिसल्यावर आजोबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

दुसरा पुरावा म्हणून गावातल्या वयस्कर माणसाचा जबाब चालतो, तोही लिहून घेतलेला पाहिजे. तो जबाब ती माझ्याच दुकानाच्या पायरीवर बसून घेत होती, आजोबांच्या शेजारचे एक बाबा सोबत आले होते त्यांचा. हे कधीपासून ही जमीन कसतायत असं विचारलं तर उत्तर एकच, पयलेपासून. मग तिने विचारलं बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होते, बैल कितीचे होते तेव्हा, बांधावरचा महू कोणी राखला, यांची मोठी पोरगी तिथल्या झोपडीत झाली की गावात. अर्ध्या तासात त्या माणसाच्या तोंडून सगळी जमीन वर्षांसकट बाहेर आली, विहीर कोणत्या साली खोदली ते पण. मी गिऱ्हाईकं सोडून ऐकत बसले. कॉलेजात मुलाखत कशी घ्यायची, गावाचा नकाशा लोकांकडूनच कसा काढून घ्यायचा हे जे शिकवतात आणि ज्याला आपण टाइमपास म्हणतो, ते हेच. आणि फॉर्मवर बायकोचं नाव राहिलं होतं तर तिने तिथल्या तिथे घालून घेतलं, कारण कायद्यात पट्टा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचाय.

ग्रामसभेचंही तसंच. दाव्याच्या ग्रामसभेला गावातले निम्मे लोक हजर लागतात आणि त्या हजर लोकांत एक तृतीयांश बाया. आमच्याकडे दिवाळी झाली की अर्धा पाडा गुजरातला ऊसतोडीला, मुकादमाची उचल घेतलेली, मुलंबाळं गाडीत. आणि वरून सभेची तारीख येते ऐन जानेवारीतली. कोरम होतो कुठून! या पोरांनी काय केलं, सरपंच आणि पोलीस पाटलांशी बोलून सभा होळीच्या दिवसांत धरली. पावरा माणूस कुठेही असला तरी होळीला घरी येतो, होळीच्या आधी भरणारा भोंगऱ्या बाजार सोडत नाही, हे ऑफिसात बसून कोणाला कळणार, तिथल्याच पोराला कळतं. सभा भरली, बायाही आल्या आणि बोलल्या पण.

माझे सासरे नेहमी शहाद्याचं सांगतात. १९७२ च्या आसपास अंबरसिंग सुरतवंती आदिवासींच्या जमिनींसाठी उभे राहिले, तेव्हा पुण्या-मुंबईहून शिकलेली पोरं तिकडे येऊन राहिली, श्रमिक संघटना झाली. त्या लोकांबद्दल मला आदरच आहे. पण आता शिकलेलं पोरगं त्याच पाड्यातलं आहे, त्याला दुभाष्या लागत नाही आणि प्रोजेक्ट संपला म्हणून तो गाव सोडून जात नाही, हा केवढा मोठा फरक आहे. नाहीतर सर्व्हे करून फोटो काढून गेलेले आणि परत तोंड न दाखवलेले पण आम्ही खूप पाहिलेत.

पण या पोरांचं घर कसं चालतं? एखाद्या संस्थेचा फंड असेल तोवर थोडं मानधन, तेही दोन-तीन महिने थकलेलं, नंतर पेट्रोल स्वतःच्या खिशातून. एक पोरगा दिवसा पाड्यावर असतो आणि रात्री अभ्यासिकेत, कारण घरच्यांना तलाठी भरतीचा शब्द दिलाय. जाईल तो निघून एक दिवस, आणि त्याच्या डोक्यात असलेल्या सगळ्या फायली, कोणाचा दावा कुठे अडकलाय, कोणाची सही राहिलीय, सगळं जाईल त्याच्यासोबत. मला विचाराल तर पेसा कायद्यातल्या, म्हणजे आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रातल्या, प्रत्येक तालुक्यात अशा पदवीधरांच्या कायम पगारी जागा पाहिजेत, मानधन नाही, पगार. रस्ता बांधणाऱ्या इंजिनीअरला कोणी सेवाभाव म्हणून फुकट राबवत नाही, मग या पोरांनीच का राबायचं?

आणि काम संपलेलं नाहीये. २०१९ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने नामंजूर दावेवाल्यांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला आणि १५ दिवसांनी स्वतःच स्थगिती दिली, त्या दिवसांत माझ्या दुकानात नुसती रांग, लोक रडवेले, दावा नामंजूर झालाय हेच कितीतरी जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. नामंजुरीचं कारण लेखी कळवायचा नियम आहे पण पत्रच आलेलं नाही. एका ऑफिसात तर त्या पोरांना सांगितलं होतं की सॅटेलाइटच्या फोटोत शेत दिसत नाही म्हणून बाद. २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे की सॅटेलाइटचं चित्र बाकी पुराव्यांच्या जोडीला चालतं, त्यांच्या जागी नाही. पोरांनी नियमाची ती पानं माझ्याकडून काढून नेली, पिवळ्या पेनाने रेघा मारून.

तर वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी, गावात दावा नामंजूर झालेला असेल तर पहिले पत्र बघा आणि कारण लिहिलंय का ते बघा. उपविभागीय समितीने नाकारलं असेल तर निर्णय कळल्यापासून ६० दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करता येतं, आणि जिल्हा समितीने नाकारलं तरी आपल्याकडे अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून विभागीय समितीकडे जाता येतं. पत्रच मिळालं नसेल तर ते लेखी मागा आणि पोच घ्या. जवळपास एमएसडब्ल्यूवालं पोरगं असेल तर त्याला सोबत घ्या, आणि त्याचं पेट्रोल तेवढं भरा.